दिवेलागणीची घरघर

६ जानेवारी

कंपनीने ही डायरी भेट म्हणून दिली. इतकी चकचकीत आहे की हिच्यात दुकानाची कामं लिहायला जीव होईना, म्हणून मनातलं लिहायचं ठरवलं. बघू किती टिकतं ते. माझी आजवरची एकही डायरी जानेवारी ओलांडून पुढे गेलेली नाही.

आज दुकानातल्या सॉकेटमध्ये पहिली डबी बसली. पांढरी, साबणाच्या वडीएवढी. ती विजेच्या प्लगसारखी खोचायची, तिची वायर संगणकाला लावायची, की झालं. ज्या तारेतून दिवा लागतो त्याच तारेतून इंटरनेट. नवी केबल नको, रस्ते उकरायला नकोत. या डोंगरउतारावर टेलिफोनवाले कायम "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आलेत, आणि मोबाईलला रेंज हवी तर खाली बंदराच्या धक्क्यावर जाऊन हात वर करून उभं राहावं लागतं. वीज मात्र घरोघरी आहे. डबीवरचा हिरवा दिवा लागला तेव्हा मी आणि लाईनमन दोघेही खुळ्यासारखे त्याच्याकडे बघत बसलो.

दुकानावर पाटीही लागली, 'स्थानिक कार्यालय'. कालपर्यंत मी अर्ज टाइप करून देणारी बाई होते. आज कार्यालय झाले.

नवऱ्याला हे काही पटलेलं नाही. गलबतावर जायच्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. तो म्हणाला, कंपनी शहरात बसणार आणि लोकांच्या शिव्या तू खाणार. मी म्हणाले, तू महिनाभर समुद्रात इंजिनाशी बोलत बसतोस, मी इथे भिंतींशी बोलत बसू का? निरोप न घेताच गेला. जेवणाचा डबा मात्र आठवणीने घेऊन गेला, म्हणजे फार रागावला नसावा.

९ जानेवारी

आज सात घरांत डब्या बसवल्या. पायऱ्या चढून पायांचे तुकडे पडले, पण जीव खूश आहे.

संध्याकाळी घरी आले तर बाबा सेटपाशी. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचा जन्म बंदराच्या वायरलेस खोलीत गेला. ती खोली बंद झाली तेव्हा त्यांनी रीतसर परवाना काढून सेट घरात मांडला आणि गच्चीवर एरियलची तार ताणली. सेट मोटारीच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे वीज असो नसो, दिवेलागणीला त्यांची बैठक ठरलेली. पूर्वी पुष्कळ गलबतं त्यांना आपली खबर द्यायची. आता बहुतेकांकडे उपग्रहाचे फोन आलेत. आमच्या गलबताचा मालक चिक्कू, म्हणून तिथे अजून जुना वायरलेसच आहे, आणि त्यावर बोललेलं ऐकणारे बाबा एकटेच उरलेत.

आज नवऱ्याचा आवाज आला. बाबांनी हेडफोन माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, हात ओले आहेत. तेवढ्यात हेडफोनमधून बारीक आवाजात "डबा बरा होता म्हणून सांगा" असं ऐकू आलं. मी न ऐकल्यासारखं केलं. एवढ्यावर मी विरघळणार नाही.

१५ जानेवारी

पहिल्यांदा मला वाटलं दुकानातल्या संगणकात दोष आहे. मग वाटलं डबीत. आज चोर सापडला. गिरणी सुरू झाली की इंटरनेट झोपतं, गिरणी थांबली की डोळे चोळत उठतं.

गिरणी एकटीच नाही. वरच्या आळीतला पाण्याचा पंप, शिंप्याचं मशीन, कुणाच्या तरी घरातली मरायला टेकलेली ट्यूबलाईट. तारेत ज्याचा त्याचा गोंगाट मिसळतो आणि त्यात माझं इंटरनेट गुदमरतं. डबी भिंतीतल्या सॉकेटऐवजी लांब वायरीच्या बोर्डावर लावली तर मुळीच चालत नाही. आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या घरांत तर हिरवा दिवा उगवतच नाही. माहितीपत्रकात यातलं अवाक्षर नाही.

गिरणीवाल्या मावशींकडे जाऊन म्हटलं, दळणाची वेळ जरा बदलता का? त्या पीठ झटकत म्हणाल्या, "मग लोकांनी दाणे चावून खायचे का?" एका आजींना मिक्सर कमी लावा म्हणायला गेले तर त्यांनी मिक्सरचं भांडं माझ्याच हातात दिलं, आता तूच वाटून दे म्हणाल्या. मी दिलं वाटून. ग्राहक आहेत.

२२ जानेवारी

कंपनीचे साहेब येऊन गेले. लोकांच्या तक्रारींनी माझ्या नाकी नऊ आले होते, त्यामुळे मला ते देवासारखे वाटले. त्यांनी लाईनमनला खांबांवर चढवून जागोजागी करड्या पेट्या बसवून घेतल्या, ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून पलीकडे जोड दिला आणि सगळ्या पेट्यांचा जोर वाढवला. गोंगाटावर उपाय एकच, म्हणाले, आपण त्याच्याहून मोठ्याने ओरडायचं. एक पेटी आमच्या घरासमोरच्या खांबावर, गच्चीच्या अगदी नाकासमोर आहे.

आणि चमत्कार झाला. गिरणी चालू असताना इंटरनेट चाललं. मी मुद्दाम गिरणीत जाऊन मावशींना सांगून आले, दळा आता हवं तेवढं.

२५ जानेवारी

बाबा काल आणि आज हेडफोन लावून बराच वेळ बसले आणि काही न बोलता उठले. जेवताना म्हणाले, "सेटमध्ये घरघर येतेय. तुझ्या पेट्या बसल्यापासून."

मला हे लागलं. अख्ख्या आळीत माझं कौतुक चाललंय आणि घरात हे. मी म्हणाले, बाबा, तुमचा सेट माझ्या लग्नाच्या आधीचा आहे, तो घरघरणारच. बाबा कधी वाद घालत नाहीत, तोच त्यांचा वाद असतो.

२८ जानेवारी

चार दिवस झाले, नवऱ्याचा निरोप नाही. बाबा म्हणतात, ऐकू येत नाही.

मी काय आज या घरात आले नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमचं असंच भांडण झालं होतं, तेव्हा हा गलबतावरून आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. बाबा रोज दिवेलागणीला मला सांगायचे, "आज हवा खराब आहे गं, आवाज पोचत नाही." आणि आकाश बघावं तर धुतल्यासारखं स्वच्छ. पुढे एकदा हसत हसत त्यांनीच कबूल केलं, की पठ्ठ्या रोज त्यांच्याशी बोलत होता, फक्त बायकोचं नाव काढत नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात कुणी रुसलं की 'हवा खराब आहे' असंच म्हणतात.

म्हणजे आताही हवा खराब आहे. फक्त या वेळी हवेऐवजी माझ्या पेट्यांवर ढकललंय. एका दगडात दोन पक्षी. मुलाचा रुसवाही झाकला आणि माझ्या धंद्याला टोमणाही मारून झाला.

मी हेडफोन लावून पाहिला. घरघर आहे, नाही असं नाही. गिरणीच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. पण वादळातून शब्द वेचणाऱ्या माणसाला तेवढ्याने काय होतंय?

१ फेब्रुवारी

आज माझा तोल गेला. लिहायलाही बरं वाटत नाही, पण लिहिते.

बाबा सेटसमोर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "तुझं काही ऐकू येत नाही बाळा, परत सांग, सावकाश सांग." इतक्या मायेने म्हणत होते की मला ते नाटक सहन होईना. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन आले होते. मी त्यांच्या हातातून माईक घेतला आणि बटण दाबून म्हणाले, "बोलायचं नसेल तर नको बोलूस. बापाला खोटं बोलायला लावू नकोस. आणि इतकाच राग असेल तर येऊही नकोस."

बटण सोडलं. घरघर चालू होती. बाबांनी माझ्या हातातून माईक घेतला, जागेवर ठेवला आणि मग म्हणाले, "त्याला आपलं सगळं ऐकू जातं, पोरी. गोंगाट आपल्याकडे आहे, त्याच्याकडे नाही."

मी म्हणाले, बरंच झालं, ऐकू दे.

४ फेब्रुवारी

आज भर दुपारी वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. वीज गेली की इंटरनेट गेलंच, एकाच तारेवर दोघांचा संसार. दुकानात परीक्षेचे अर्ज भरणाऱ्यांची रांग होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच फुंकर मारून दिवा विझवला.

घरी आले तर बाबा खुशीत. म्हणाले, वीज नव्हती तेव्हा सेट काय सुंदर लागला होता, लांबलांबची स्टेशनं घड्याळाच्या टिकटिकीसारखी स्वच्छ. इथे माझा जीव जातो आणि यांना आनंद! मग अगदी चाचरत त्यांनी विचारलं, "दिवेलागणीला तेवढ्या पेट्या बंद ठेवता येतील का गं? थोडाच वेळ."

मी त्यांना समजावलं, की नेमक्या त्याच वेळी सगळे कामावरून घरी येऊन इंटरनेटला बसतात. तेव्हाच बंद केलं तर डब्या परत करायला रांग लागेल. त्यांनी मान हलवली. नंतर बघते तर या वयात गच्चीवरच्या टाकीवर चढून एरियलची तार खांबापासून लांब नेत होते. मी खूप ओरडले. हाताला धरून त्यांना खाली उतरवलं.

७ फेब्रुवारी

संध्याकाळी इंटरनेट चालत नाही. गिरणीचा दोष नाही, आता दोष गर्दीचा. एकाच तारेवर सगळी आळी, एकाने ओढलं की दुसऱ्याचं आटतं. शिंपी म्हणतो, तुमच्यापेक्षा धक्क्यावर एका पायावर उभं राहिलेलं बरं होतं. आज पाच डब्या परत आल्या. त्या पुसून कपाटात ठेवल्या.

मीच दारोदार जाऊन सांगितलं होतं, माझ्या शब्दावर लोकांनी घेतलं. आता रस्त्याने जाताना मी दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करते, म्हणजे कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. नवरा म्हणाला होता तेच झालं, आणि ते त्याला सांगायचीही सोय नाही.

९ फेब्रुवारी

गलबत परवाच यायला हवं होतं.

धक्क्यावर जाऊन मालकाला फोन लावला. तो म्हणाला, ताई, गलबत वेळेवर आलेलं कधी पाहिलंत का? वारा बघून एखाद्या बंदरात थांबले असतील. मी विचारलं, कुठल्या बंदरात? तर म्हणाला, चौकशी करतो. त्याच्या आवाजावरून तो काही करणार नाही हे मला कळलं. बंदरावरच्या ऑफिसातही तेच. एक-दोन दिवसांच्या उशिराला शोध घेत नाहीत म्हणे.

येताना सारखं वाटत होतं, की तो मुद्दामच कुठेतरी थांबलाय. मीच म्हणाले ना, येऊ नकोस. तसा तो माझ्यापेक्षा हट्टी आहे. एखाद्या बंदरात चहा पीत बसला असेल आणि मनात म्हणत असेल, झुरू दे जरा. असंच असू दे. इतका दुष्ट असला तरी चालेल.

१० फेब्रुवारी

साहेबांना संध्याकाळच्या गर्दीसाठी बोलावलं होतं. त्यांनी पेट्यांचा जोर आणखी वाढवला. निघताना मी विचारलं, यामुळे वायरलेसला त्रास होतो का? ते हसले. म्हणाले, आमचं सगळं नियमात बसतं, आणि वायरलेस आता ऐकतो कोण?

आमच्या घरी ऐकतात, असं मी म्हणाले नाही. का नाही म्हणाले?

बाबा जेवले नाहीत. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसले होते, डोळे मिटून. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी म्हणाले, बाबा, खरं सांगा, तो रुसलाय आणि तुम्ही झाकताय ना? माझी शपथ आहे. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिथे उभं राहवेना.

"तसं असतं तर किती बरं झालं असतं," ते म्हणाले.

१२ फेब्रुवारी

वीज गेली आहे. हातात हीच वही आली. त्याचा आवाज येतोय, बाबा ऐकून शब्दाला शब्द सांगतायत ते लिहून घेतेय, अंधार आहे, ओळी नीट येत नाहीत.

बाबा तुमचं ऐकू येतं. रोज येतं. माझं तुम्हाला येत नाही माहिती आहे, तरी बोलतो. तिचंही ऐकलं. इंजिन फुटलं. शीड फाटलं. नांगर धरून आहोत. काळ्या खडकाच्या

वीज आली.

१३ फेब्रुवारी

सकाळ झाली आहे. आता सगळं सलग लिहिते, नाहीतर डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

काल दिवेलागणीला वीज गेली. आळीत नेहमीसारखा "गेली, गेली" असा ओरडा झाला. आणि घरात सेटची घरघर एकदम थांबली. इतके दिवस ती कानात बसली होती, त्यामुळे शांतता झाल्यावर मला घाबरायला झालं. त्या शांततेत त्याचा आवाज आला. दमलेला, थांबत थांबत. समोर कुणी नसताना माणूस बोलतो तसा बोलत होता. रोज याच वेळी तो असाच बोलत आला असणार. बाबांनी "काळ्या खडकाच्या" म्हटलं आणि दिवे लागले, घरघर सुरू झाली. सगळी आळी "आली, आली" म्हणून आनंदाने ओरडली.

काळा खडक म्हणजे एक खडक नाही, पाण्याखाली गेलेली ती मोठी रांग आहे. मोठी जहाजं तिकडे फिरकत नाहीत. कुठल्या अंगाला ते कळल्याशिवाय बोटी पाठवणं म्हणजे त्यांनाही खडकावर घालणं, असं बाबा म्हणाले. मी अनवाणीच लाईनमनच्या घरी पळत गेले. तो जेवायला बसला होता. मी म्हणाले, ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज काढ, सगळी आळी बंद कर.

तो म्हणाला, "कंपनीचा हुकूम लागतो, वहिनी. माझी नोकरी जाईल."

"स्थानिक कार्यालयाचा हुकूम आहे," मी म्हणाले. "माझं नाव सांग. कुणी विचारलं तर मी फ्यूज काढले म्हणून सांग."

का ते मी रडत रडत सांगितलं. तो ताटावरून उठला. हात धुतले नाहीत त्याने, तसाच आला. तारांच्या कुंपणाचं कुलूप काढलं, लाकडी दांड्याने एकेक फ्यूज ओढून काढला आणि आळीमागून आळी विझत गेली. लोक दारात आले. माझं नाव घेऊन कुणीतरी शिवी हासडली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडून सांगितलं, की माझा नवरा समुद्रात अडकलाय आणि माझ्या पेट्यांमुळे त्याचा आवाज ऐकू येत नाही. एवढ्या लोकांत हे मोठ्याने म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदा ते खरं वाटलं. तोवर मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. गिरणीवाल्या मावशी अंधारातूनच म्हणाल्या, "मग बघता काय? दारं लावा आणि गप बसा सगळे." वायरलेसला माणसांच्या बोलण्याचा काही त्रास होत नाही. पण कुणी त्यांना तसं सांगितलं नाही, आणि सगळी आळी खरंच गप बसली.

घरी आले तर सेट स्वच्छ लागला होता आणि त्यात काहीच नव्हतं. बाबा बोलावत होते, उत्तर नव्हतं. बाबा म्हणाले, त्याची बॅटरी बसली. ऐकायला थोडी पुरते, बोलायला पुष्कळ लागते. त्याची बोलायची ताकद इतके दिवस घरघरीत गेली, आणि आता कान मोकळे झाले तेव्हा आवाज संपला. मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, आता मी मेले तर बरं.

बाबांनी माईक तोंडाजवळ घेतला. वायरलेस खोलीत बोलत असतील तशा शांत आवाजात म्हणाले, "बाळा, आता तुझी बाजू ऐकू येतेय. बोलू नकोस. नुसतं बटण दाब. हो असेल तर एकदा, नाही तर दोनदा. समजलं का?"

त्यांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाशी धरली. मग अगदी लांब, नख आपटल्यासारखं, टक.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही. काळ्या खडकाच्या उत्तरेला आहात? टक, टक. दक्षिणेला? टक. खडकांच्या आत, उथळात? टक. मग एकेक खूण विचारत विचारत त्यांनी त्याला नकाशावर बोटाने दाबून धरल्यासारखं शोधलं. सगळे जण ठीक? बराच वेळ काही नाही. मग टक. प्यायचं पाणी आहे? टक, टक.

पाणी नाही. मी गेले दोन आठवडे हिरव्या दिव्याकडे बघत बसले होते आणि तिकडे पाणी संपलं.

खडकांत अंधारात शिरता येत नाही, म्हणून मासेमारीच्या दोन बोटी आज उजाडताना निघाल्या. पाण्याचे कॅन आम्ही सगळ्यांनी हातोहात धक्क्यावर नेले. शिंप्याने नेले, मिक्सरवाल्या आजींनीही एक उचलला. डब्या परत करणारे, शिव्या देणारे, सगळे होते. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं. बोटी कधी पोचतील हे वाऱ्यावर आहे, असं नाखवा म्हणाला.

फ्यूज अजून बाहेरच आहेत. लाईनमन कुंपणाच्या दाराशी स्टूल टाकून बसलाय. दुपारी कंपनीची माणसं येतील आणि पुन्हा सुरू करा म्हणतील. तेव्हा काय होईल मला माहीत नाही. मी पाटी मात्र उतरवून आणली आहे, ती दाराआड उभी आहे.

उजाडल्यावर बाबांनी त्याला सांगितलं, बोटी निघाल्या, धीर धर. टक. मग बाबा तोंड धुवायला उठले आणि मी सेटसमोर बसले. माईक हातात घेतला. पहिल्या तारखेला मी काय बोलले होते ते मला शब्दान्‌शब्द आठवत होतं, आणि त्यालाही आठवत असणार. तिथे पाण्यावर दुसरं काय होतं त्याला ऐकायला? माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"रागावलायस का?"

सेट सुंऽऽ करत होता. समुद्रावरची एवढी मोठी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तो विचार करत असावा. किंवा त्याची बॅटरी पुरती बसली असावी. किंवा काहीही. मी दोन टकांची वाट बघत होते.

टक.

एकदाच. मी आणखी थांबले, पण दुसरा टक आला नाही.

मागे बाबा पंच्याने तोंड पुसत उभे होते. म्हणाले, असल्या गोष्टींत बॅटरी घालवू नका. पण त्यांनी माईक काढून घेतला नाही. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, त्यामुळे बटण नीट दाबता येईना.

"बरं," मी म्हणाले. "मग ये, आणि घरी येऊन भांड."